गेटपर्यंत आम्ही आणले, पुढचा हिशोब कारखान्याने द्यावा

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : उद्योगांमुळे पाणी दूषित झाल्याच्या प्रकरणांत कारखान्याची हयगय सिद्ध करण्याच्या पद्धतीत बदल करण्याबाबत मागणीपत्र

महोदय,

आम्ही कोकणातल्या एका खाडीकाठची मच्छीमार कुटुंबे आणि त्या खाडीला मिळणाऱ्या ओढ्यांकाठचे शेतकरी. आमच्या वरच्या अंगाला, सड्यावर, रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. तिथे आमच्याच घरांतली मुले कामाला जातात. वसाहत उठवा असे आम्ही कधी म्हटलेले नाही आणि या पत्रातही म्हणणार नाही. आमचे गाऱ्हाणे एकाच गोष्टीचे आहे. पाणी बिघडले की ते कोणामुळे बिघडले हे सिद्ध करायचे ओझे ज्याच्याकडे एकही कागद नाही त्याच्या डोक्यावर येते, आणि सगळे कागद ज्याच्या कपाटात आहेत तो गप्प बसून सुटतो. ते ओझे हलवावे यासाठी हे मागणीपत्र.

आधी एका सकाळची हकिगत सांगतो. मे महिना होता. सुकतीला पाग घेऊन गेलेली माणसे हात हलवत परत आली ती ओरडतच. ओढ्याच्या तोंडाशी बोय आणि काळुंद्र पोट वर करून पडले होते, आणि खेकडे पाणी सोडून चिखलावर, काही तर दगडांवर चढून बसले होते. पाण्यातला प्राणवायू संपला की खेकडा असा बाहेर येतो हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही ठाऊक असते. वास फिनेलसारखा होता. आम्ही फोन केले, अर्ज दिला. नमुना घ्यायला माणूस आला तो तिसऱ्या दिवशी. दिवसाला दोन भरत्या धरल्या तर तोवर खाडी चार-पाच वेळा धुतली गेली होती. त्याने घेतलेला नमुना मानकात बसला. पहिल्या दिवशी आमच्या एका मुलाने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलेला नमुना कोणी घेतला नाही. नियमाप्रमाणे तो घेता येत नव्हता, आणि आमचे भांडण त्या माणसाशी नाही, त्या नियमाशी आहे.

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४, कलम २१. नमुना कायदेशीर कार्यवाहीत चालायचा असेल तर तो राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा मंडळाच्या अधिकृत अधिकाऱ्याने घ्यावा लागतो, कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यावी लागते, त्याने मागितले तर नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद करावे लागतात, आणि तपासणी ठरलेल्या प्रयोगशाळेतच व्हावी लागते. ही काळजी योग्य आहे, खोट्या बाटलीवर कोणाला शिक्षा होऊ नये. पण ही सगळी वाट पाइपाच्या तोंडाशी उभे राहून नमुना घेणाऱ्यासाठी आखलेली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने शीतपेयाच्या एका कारखान्याच्या खटल्यात नमुन्याचा अहवाल बाजूला ठेवला, कारण तपासणी योग्य त्या प्रयोगशाळेत झालेली नव्हती. सरकारी यंत्रणेची ही गत, तर फ्रिजमधल्या बाटलीची काय कथा?

म्हणून पहिली मागणी नमुन्याची. वसाहतीच्या खालच्या अंगाच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत सीलबंद नमुना-पेटी असावी. त्यात स्वच्छ काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या, बर्फाची पेटी, सामू मोजायचे साधन, विरघळलेला प्राणवायू जागेवरच बांधून ठेवायची रसायने, आणि सीओडी व जड धातूंच्या नमुन्यांसाठी लागणारी आम्ले असावीत. हे आम्ही हौसेने मागत नाही. प्राणवायूचा नमुना जागेवर बांधला नाही तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आकडा बदलतो. बीओडीची बाटली थंड ठेवली नाही तर आतले जिवाणू वाटेतच निम्मे काम उरकतात. पेटी उघडायचा अधिकार ग्रामसेवक, तलाठी किंवा शाळेचे मुख्याध्यापक यांपैकी कोणा एकाला असावा, त्यांना प्रशिक्षण मिळावे, नमुना घेताना जागा आणि वेळ दाखवणारे चित्रीकरण व्हावे, आणि या नमुन्याला प्राथमिक पुरावा मानावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण पुराव्याच्या कायद्याने बांधलेले नाही, २०१० च्या अधिनियमाच्या कलम १९ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा निदान तिथे तरी हा नमुना टिकायला हरकत नसावी. तक्रार आल्यापासून सहा तासांच्या आत, म्हणजे एक भरती उलटायच्या आत, मंडळाचे पथक जागेवर यावे. न आल्यास गावचा नमुनाच ग्राह्य धरावा.

आता मूळ मुद्दा. कायदा तुमच्याच बाजूचा आहे, असे आम्हाला प्रत्येक बैठकीत ऐकवले जाते. ते बरेचसे खरे आहे. दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळाला, त्या प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धोकादायक उद्योगातून हानी झाली तर काळजी घेतली होती की नव्हती हा प्रश्नच उरत नाही, भरपाई द्यावीच लागेल. न्यायाधिकरणाच्या अधिनियमाचे कलम १७ अपघाताच्या प्रकरणांत दोष सिद्ध करायची अट काढून टाकते. तमिळनाडूतल्या चर्मोद्योगांनी पालार नदीचे जे केले त्यावरच्या वेल्लोरच्या निकालात, ऑगस्ट १९९६ मध्ये, आपले काम पर्यावरणाला अपायकारक नाही हे दाखवायची जबाबदारी उद्योगावर टाकली गेली.

मग अडते कुठे? एक पायरी अलीकडे. हयगय दाखवायची गरज नसली तरी हे पाणी याच कारखान्याचे, हे दाखवावेच लागते. एका वसाहतीत डझनावारी कारखाने, सगळ्यांचे पाणी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे जाते, मधे चेंबर फुटलेले, पावसाळी गटारे निराळी, आणि रात्री ओढ्याच्या पुलावर उभा राहून रिकामा होणारा टँकर कोणाचा ते कोणालाच माहीत नाही. विचारले की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो, आणि केंद्र सगळ्या कारखान्यांकडे. शिवाय फौजदारी खटला उभा करायचा, संचालकाला जल अधिनियमाच्या कलम ४७ खाली जबाबदार धरायचे, तर तिथे त्याची संमती, संगनमत किंवा हयगय दाखवावीच लागते. सगळी योग्य काळजी मी घेतली होती, असे त्याने सिद्ध केले की तो सुटतो. ती काळजी खरोखर घेतली का, हे सांगणारे रजिस्टर त्याच्याच टेबलावर असते.

हाच पेच जपानमधल्या निगाता शहराच्या जिल्हा न्यायालयापुढे आला होता. आगानो नदीच्या खालच्या भागात मासे खाणाऱ्या माणसांना पाऱ्याची विषबाधा झाली. कारखाना होता नदीच्या वर सुमारे ६० किलोमीटरवर. कंपनी म्हणाली, १९६४ च्या भूकंपात गोदामांतली शेतीची औषधे नदीत गेली, आमचा संबंध नाही. यंत्रे तोवर उतरवली गेली होती आणि प्रक्रियेचे नकाशे नष्ट झाले होते. २९ सप्टेंबर १९७१ रोजी न्यायालयाने जे ठरवले त्याचा आशय असा : रोग कशाने झाला आणि ते विष कोणत्या वाटेने आले हे पीडितांनी कारखान्याच्या दारापर्यंत आणून दाखवले की त्यांचे काम संपले. दाराच्या आत काय घडले ते कारखान्याने सांगावे, आणि आपल्याकडून ते आलेच नसते हे त्याला सिद्ध करता आले नाही तर विष त्याचेच धरले जाईल.

या पत्राचे शीर्षक आम्ही त्यावरूनच घेतले आहे. परक्या देशाचा दाखला कशाला, असे कोणी म्हणेल, तर आपल्याच साक्ष अधिनियमात तेच तत्त्व आहे. भारतीय साक्ष अधिनियम २०२३, कलम १०९, म्हणजे जुन्या कायद्यातले कलम १०६ : जी गोष्ट एखाद्याच्याच खास माहितीतली आहे ती सिद्ध करायचा भार त्याच्यावर. कारखान्याच्या आतल्या पाइपांची जोडणी ही आणखी कोणाच्या माहितीतली गोष्ट असते?

म्हणून दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची मागणी. खालच्या पाण्यात सापडलेले रसायन वरच्या ज्या कारखान्यात कच्चा माल, मधला पदार्थ, उत्पादन किंवा कचरा म्हणून असते, तो कारखाना स्रोत आहे असे गृहीत धरावे, आणि तसे नसल्याचे त्याने आपल्या नोंदींवरून दाखवावे. असे कारखाने एकाहून जास्त निघाले तर जबाबदारी सगळ्यांची मिळून आणि प्रत्येकाची पूर्ण असावी, आपसातली वाटणी त्यांनी नंतर करावी. जल अधिनियमात बदल करायचा अधिकार संसदेचा आहे हे आम्हाला माहीत आहे, त्यासाठी विधिमंडळाने ठराव करून केंद्राकडे पाठवावा. पण तोवर थांबायचे कारण नाही. कलम २५ खाली संमतिपत्र देताना मंडळ अटी घालू शकते. आपल्या सांडपाण्यात कोणकोणती रसायने येतात याची यादी आणि त्याचा सीलबंद नमुना दरवर्षी मंडळाकडे ठेवणे ही अट उद्यापासून घालता येईल. बोटांच्या ठशासारखा हा पाण्याचा ठसा. तो असला तर ओढ्यातले पाणी कोणाचे हे ताडून पाहता येते.

तिसरी मागणी हिशोबाची. हिच्याबद्दल आम्हाला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण पाणी वाहून जाते, पण हिशोब राहतो.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचे गाव आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे एच-अ‍ॅसिड हे रंगांना लागणारे रसायन तयार होऊ लागले. कारखाना फार दिवस चालला नाही, लोक चिडून उठले, जमावबंदी लागली आणि जानेवारी १९८९ मध्ये उत्पादन थांबले. पण तेवढ्या काळात विहिरींचे पाणी काळपट झाले, माणसाला तर सोडाच, गुरांना आणि पिकालाही चालेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे निर्णायक ठरली ती बेरीज-वजाबाकी. सुमारे ३७५ टन एच-अ‍ॅसिड बनले असेल तर त्यापायी सुमारे २,४०० टन विषारी गाळ निघालाच पाहिजे. खड्ड्यांत ठेवलेला सापडला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. उरलेला आवारात आणि भोवताली पसरून वर माती लोटलेली होती. उत्पादनाचा आकडा कंपनीला लपवता आला नाही, आणि त्या आकड्याने गाळाचा आकडा सांगितला. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायालयाने कंपन्यांना दोषी धरले.

हे गणित आमच्याकडच्या प्रत्येक कारखान्याला लावता येते, आणि त्यासाठी लागणारे कागद कायद्याने आधीच तयार होतात. औद्योगिक विकास महामंडळाचे पाण्याचे बिल आत किती पाणी गेले ते सांगते. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचे पर्यावरण विवरणपत्र कच्चा माल आणि उत्पादन सांगते. घातक कचऱ्याच्या वाहतुकीला सात प्रतींचे मॅनिफेस्ट लागते. राज्यातल्या संमतिपत्रांत एक साधी अट नेहमी असते, सांडपाणी प्रक्रियेसाठी विजेचा स्वतंत्र मीटर आणि प्रक्रियेला लागणाऱ्या रसायनांचे रजिस्टर. आमच्या दृष्टीने हा मीटर शंभर साक्षीदारांच्या तोडीचा आहे. ब्लोअर रात्री बंद ठेवला तर युनिटे पडत नाहीत. उत्पादन दुप्पट झाले आणि चुना, तुरटी पूर्वीइतकीच आली, तर उरलेल्या पाण्यावर प्रक्रिया झालीच नाही. हयगय म्हणतात ती हीच, आणि ती कारखान्याच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेली असते.

पण हे कागद वेगवेगळ्या दप्तरांत पडून राहतात. एकमेकांशेजारी ठेवून ते कोणी वाचत नाही. जल अधिनियमाच्या कलम २५(६) प्रमाणे संमतीच्या अटींचे रजिस्टर हितसंबंधी व्यक्तीला पाहायला खुले असते. त्या रजिस्टरसाठी आमच्या माणसांनी एका कार्यालयात तीन खेपा घातल्या आणि माहिती अधिकारात अर्ज करा असे उत्तर घेऊन आली. आमची मागणी अशी की प्रत्येक लाल, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या, प्रवर्गातल्या कारखान्याचे पाण्याचे बिल, प्रक्रियेच्या मीटरची युनिटे, प्रक्रियेच्या रसायनांची खरेदी, पाठवलेला घातक कचरा आणि उत्पादन हे पाच आकडे महिनेवार एका ठिकाणी, मराठीतून, सर्वांना पाहता येतील असे ठेवावेत. सांडपाण्यावर चोवीस तास नजर ठेवणारी यंत्रे बसवायचे निर्देश केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना दिले. त्या यंत्रांचे कच्चे आकडे, यंत्र बंद पडल्याच्या वेळांसकट, किमान दहा वर्षे जपून ठेवावेत. नोंद हरवली, पुसली किंवा यंत्र नेमके त्याच रात्री बंद होते असे आढळले, तर ती नोंद कारखान्याच्या विरुद्धच होती असे धरावे.

गेटच्या आत जायचा हक्क हवा, ही चौथी मागणी. जपानच्याच तोयामा प्रांतात जिन्झू नदीकाठी वरच्या खाणीतल्या कॅडमियममुळे लोकांची हाडे ठिसूळ होऊन मोडत. ते आपला खटला १९७२ मध्ये वरच्या न्यायालयातही जिंकले आणि लगेच कंपनीशी करार करून मोकळे झाले. त्यांनी पैशाबरोबर एक गोष्ट मागून घेतली. गावकऱ्यांनी आपले तज्ज्ञ घेऊन केव्हाही कारखान्यात यावे, पाहावे, नमुने घ्यावेत, खर्च कंपनीने द्यावा. तेव्हापासून तिथे गावकऱ्यांची पाहणी होत आली आहे, आणि नदीतले कॅडमियम खाली आले आहे. आम्हाला तेच हवे. प्रत्येक वसाहतीसाठी मच्छीमार, शेतकरी, एक रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि एक कामगार अशी समिती असावी, आणि न कळवता पाहणी करायचा तिला अधिकार असावा. कामगार आम्ही मुद्दाम म्हटले. रात्री कोणता व्हॉल्व्ह कोणी उघडला हे त्यालाच माहीत असते, आणि सांगितले तर नोकरी जाते हेही. त्याला लेखी संरक्षण हवे.

कंपनीला काय माहीत होते, हे कामगार आणि आतले डॉक्टरच सांगू शकतात याचा सर्वांत वेदनादायक दाखला जपानमधल्याच मिनामाताचा आहे, जिथे सांडपाण्यातल्या पाऱ्याने लोक आजारी पडले. तिथे कारखान्याच्याच दवाखान्यातल्या डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी मांजराला खाण्यातून दिले. १९५९ मध्ये ४०० क्रमांकाच्या मांजराला तोच आजार झाला. कंपनीने प्रयोग थांबवला आणि निष्कर्ष दडवला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पीडितांशी सहानुभूतीच्या पैशांचा करार झाला. त्यात एक कलम होते : पुढे रोगाचे कारण सांडपाणीच ठरले तरी आणखी भरपाई मागायची नाही. डॉक्टरांनी १९७० मध्ये आजारपणात अंथरुणावरून साक्ष दिली, आणि १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीची हयगय मान्य करून तो करार रद्दबातल ठरवला.

असे कागद आमच्याही घरांत आहेत. मासे मेले की चार दिवसांनी कोणी तरी मध्यस्थ येतो, जाळ्यामागे थोडे पैसे देतो आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सही घेतो. काय लिहिले आहे ते वाचून दाखवले जात नाही. पुढचा हक्क सोडून देणारी अशी प्रत्येक सही निरर्थक धरावी, आणि पाण्याच्या नुकसानीची कोणतीही तडजोड तहसीलदारासमोर, मराठीत वाचून दाखवूनच व्हावी, ही आमची पाचवी मागणी.

आरोग्याच्या बाबतीत थोडक्यात. एका माणसाचा आजार अमुक पाण्यानेच झाला हे कोणताही डॉक्टर शपथेवर सांगणार नाही, आणि कारखान्याचा वकील नेमके तेच विचारतो. अमेरिकेत पार्कर्सबर्गजवळच्या ड्युपाँटच्या कारखान्यातले रसायन पाण्यात उतरल्याच्या प्रकरणात तडजोडीतून निघालेल्या पैशातून सुमारे ६९,००० लोकांची रक्ततपासणी व नोंदणी झाली. दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञांनी २०१२ पर्यंत सहा आजारांचा त्या रसायनाशी संबंध संभाव्य ठरवला, आणि तसे ठरल्यास ते रसायन हे आजार घडवू शकते यावर कंपनीने वाद घालायचा नाही, हे आधीच कबूल झालेले होते. वसाहतींच्या खालच्या गावांत अशी पाहणी आजच व्हावी. आज केलेली नोंद नसेल तर दहा वर्षांनी तुलना कशाशी करणार?

आणखी दोन गोष्टी. न्यायाधिकरणाकडे भरपाई मागायची मुदत कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांची आहे. विहिरीत झिरपणारे विष पाच वर्षे दिसतही नाही. मुदत माणसाला कळल्या दिवसापासून मोजावी, असा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे द्यावा. दुसरी गोष्ट नुकसान मोजण्याची. महाराष्ट्रातल्याच एका रासायनिक कारखान्याच्या प्रकरणात उलाढालीवरून ठरवलेला २५ कोटींचा दंड सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केला. उलाढालीचा आणि पर्यावरणाच्या हानीचा संबंध नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. आम्ही त्यावर तक्रार करत नाही, पण त्याचा अर्थ नीट घ्यावा : जे मोजले नाही ते मिळणार नाही. खाडीत बोय किती, कालवे किती, कोणत्या महिन्यात, याची नोंद सरकारी दप्तरात नाही. आमच्या वह्यांत आहे. मत्स्यव्यवसाय विभागाने त्या वह्या तपासून प्रमाणित कराव्यात.

बिछडीचा शेवट सांगायचा राहिला. माती-पाणी सुधारायच्या खर्चाची रक्कम ठरली ३७ कोटी ३८ लाख ५० हजार. कंपन्या अर्जांमागून अर्ज करत राहिल्या आणि १८ जुलै २०११ रोजी, म्हणजे निकालानंतर पंधरा वर्षांनी, न्यायालयाला ती रक्कम १२ टक्के चक्रवाढ व्याजाने भरा असे पुन्हा सांगावे लागले. म्हणून प्रत्येक धोकादायक उद्योगाकडून संमतिपत्राबरोबरच बँक हमी घ्यावी. गुन्हा ठरण्याची वाट न पाहता त्यातून पिण्याच्या पाण्याचे टँकर आणि मच्छीमारांचा निर्वाहभत्ता पहिल्या आठवड्यात सुरू व्हावा.

वरच्या मागण्यांपैकी काहींना संसद लागेल, काहींना विधिमंडळ. नमुना-पेटीला फक्त एक शासन निर्णय लागतो. पहिल्या पावसाच्या लोंढ्यात साठवलेले पाणी सोडायची रीत सगळ्या खाडीला माहीत आहे, तेव्हा तो निर्णय मृगाआधी निघावा.

कळावे,
खाडीकाठचे मच्छीमार व शेतकरी यांच्या संघाची कार्यकारिणी

सोबत : मागच्या सहा हंगामांच्या मासेमारीच्या वह्यांच्या छायाप्रती, मेलेल्या माशांची तारीखवार छायाचित्रे, मध्यस्थांनी करून घेतलेल्या स्टॅम्पपेपरच्या प्रती, आणि फ्रिजमधली ती बाटली, मागाल तेव्हा हजर करू.